सांबऱ्याची हवा, दौलत बेगची हवा

चोर्ला घाट चढून गोव्याकडून बेळगावात आलेला पाहुणा म्हणतो, इथली हवा हलकी आहे. तो म्हणतो ते अगदी शब्दशः खरं आहे. शहरातल्या शहापूरहून अर्ध्या तासावर असलेला सांबऱ्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ७५८ मीटर उंच आहे आणि तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ आहे. ब्रिटिश हवाई दलाने १९४२ साली बांधलेल्या या तळावर आज एअरमेन ट्रेनिंग स्कूल आहे. पोरं पहाटे मैदानावर पळतात ती याच हवेत.

आता लडाखच्या उत्तर टोकाला, काराकोरम खिंडीच्या अलीकडे, दौलत बेग ओल्डीला जाऊ. तिथली धावपट्टी आहे ५,०६४ मीटरवर, म्हणजे १६,६१४ फूट. कळसूबाईवर कळसूबाई आणि त्यावर पुन्हा कळसूबाई ठेवली तरी ही पट्टी शंभरेक मीटर वरच राहते. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा. पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही.

माणसाला धाप लागते हे आपल्याला ठाऊक असतं. विमानालाही लागते, हे कळल्यावर मी थक्क झालो. पंखांना उचलून धरणारी हवाच तिथे साठ टक्के उरते. त्यामुळे उतरताना वैमानिकाच्या समोरचा काटा ताशी २०० किलोमीटर दाखवत असला, तरी चाकाखालची जमीन मागे पळते ती ताशी जवळपास २६० ने. सांबऱ्याला हाच आकडा २०७ च्या घरात असतो. वेग सव्वापट झाला की तो मारायला लागणारी ऊर्जा दीडपटीच्या वर जाते, आणि तिचा भार ब्रेकांवर येतो. इंजिनाचा दमही विरळ हवेत कमी पडतो. म्हणून खाली जेवढं वजन सहज उचलता येतं, तेवढं तिथून घेऊन उडता येत नाही. उन्हं चढली की हवा तापून आणखी विरळ होते, त्यामुळे शक्यतो सकाळीच कामं उरकायची.

हे सगळं माहीत असताना २३ जुलै १९६२ रोजी स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी तिथे पॅकेट नावाचं विमान उतरवलं! त्याआधी १४ वर्षं, २४ मे १९४८ ला, एअर कमोडोर मेहर सिंग जनरल थिमय्यांना शेजारी बसवून डाकोटा विमानाने लेहला उतरले होते. ती पट्टी सोनम नोरबू या लडाखी इंजिनियरने गावकऱ्यांना हाताशी धरून महिन्याभराच्या आत तयार केली होती. ३,२५६ मीटरवरचं ते उतरणंच तेव्हा अचाट होतं. राजे त्याच्याही १,८०० मीटर वर गेले.

पुढे १९६६ मध्ये भूकंपाने दौलत बेगची माती सैल झाली आणि पट्टी बंद पडली. ४२ वर्षं तिथे विमान उतरलं नाही. ३१ मे २००८ ला एएन-३२ विमान उतरलं आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्याच कच्च्या पट्टीवर सी-१३०जे सुपर हर्क्युलस. दार्बुकहून तिथवरचा रस्ता २५५ किलोमीटरचा. तो बर्फाने, पुराने अडला की पीठ, रॉकेल, औषध, आजारी जवान, सगळ्याची भिस्त या पट्टीवर.

मला मात्र या सगळ्यांत सर्वांत मोठा आकडा वाटतो तो १४ दिवसांचा. चंदीगडहून विमान तासाभरात लेहला पोचतं, पण जवानाला थेट कामाला जुंपत नाहीत. आधी सहा दिवस खालच्या टप्प्यावर, मग चार मधल्या, आणि पुन्हा चार १५,००० फुटांच्या वर. शरीर रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवू लागतं, श्वासाचा ठेका बदलतं; त्याला घाई चालत नाही. सांबऱ्याच्या मैदानावर कवायत शिकलेला एखादा पोरगा वर गेला की पहिले दोन दिवस त्यालाही विश्रांतीचेच. जिना चढायचा तो हळू, पाणी प्यायचं ते भरपूर, आणि डोकं दुखलं तर लपवायचं नाही.