फेअरी कॅसल: कुंडीतले हिरवे बुरूज

नर्सरीत छोट्याशा प्लॅस्टिकच्या कुंडीत हमखास दिसणारा फेअरी कॅसल हा ‘अ‍ॅकॅन्थोसेरियस टेट्रागोनस’ या अमेरिकी निवडुंगाचा खुजा प्रकार. मूळ जात फ्लोरिडा, मेक्सिको, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात वाढते. तिच्या फांद्या काही मीटर लांब जातात, मोठी पांढरी फुले रात्री उमलतात आणि पुढे लाल फळे धरतात. क्वीन्सलँडमध्ये तर ती उपद्रवी तण ठरली आहे. खुज्या प्रकारात यातले फारसे काही उरलेले नाही. तीन ते पाच धारांचे हिरवे खांब एकमेकांना खेटून, कमी-जास्त उंचीचे वाढतात आणि धारांवर पांढऱ्या लवेच्या ठिपक्यांतून बारीक काटे निघतात. फूल जवळजवळ येतच नाही. दुकानातल्या रोपाच्या शेंड्यावर झगझगीत फूल दिसले, तर ते बहुधा गोंदाने चिकटवलेले वाळके फूल असते. ही विक्रेत्यांची हौस झाडाला महागात पडते, कारण गोंदाखाली वाढीचा कोंब दबतो. असे फूल अलगद सुटले तरच काढावे.

हा निवडुंग पानांऐवजी हिरव्या खोडातच अन्न तयार करतो. खोडावरची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, त्या वेळी घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठतो आणि दिवसा रंध्रे मिटलेली असताना उन्हाच्या मदतीने वापरला जातो. त्यामुळे पाणी फार कमी उडते. तहान कमी, म्हणून ओल्या मातीचा त्याला धोका जास्त: साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही आणि बुरशी शिरते.

माती निवडताना हेच ध्यानात ठेवायचे. काळी माती पाणी धरून ठेवते, ती नको. पोयटा मातीत निम्म्याहून अधिक जाड वाळू, विटांचा चुरा किंवा परलाइट मिसळावे. मातीची, तळाला भोक असलेली आणि झाडापेक्षा थोडीच मोठी कुंडी उत्तम. माती पूर्ण सुकल्यावरच भरपूर पाणी द्यावे आणि बशीत साचलेले ओतून टाकावे. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात कुंडी छपराखाली, पण उजेडात हवी. त्या दिवसांत पाणी अगदी क्वचित लागते. सकाळचे कोवळे ऊन मानवते. अंधारात खांब बारीक, फिकट होऊन लांबतो, तर सावलीतले रोप एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवले की पांढरट डाग पडतात आणि ते जात नाहीत.

फूलच नाही, म्हणून बी नाही. नवे रोप फांदीपासूनच करायचे. पावसाळा टाळून फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा दिवाळीच्या सुमारास निरोगी फांदी, जिथे ती मुख्य खांबाला जोडलेली असते तिथून, स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कापावी. कागदाच्या घडीत धरली की काटे टोचत नाहीत. कापलेला भाग ओला, चकचकीत हिरवा दिसतो. सावलीत हवेशीर जागी आठवडा-दहा दिवस ठेवल्यावर तो कोरडा, किंचित आत ओढलेला आणि खपलीसारखा होतो. बहुतेक कलमे कुजतात ती ही खपली धरण्याआधीच मातीत खोचल्यामुळे. मग फांदी कोरड्या मिश्रणात सरळ उभी राहील एवढीच रोवावी आणि काही दिवसांनी हलकेसे पाणी द्यावे. साधारण महिनाभराने हलक्या हाताने ओढून पाहावे. फांदी अडली तर मुळे धरली.

खांबांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण दडतात. कापसासारखे पांढरे पुंजके दिसताच स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावे. मात्र ठिपक्यांवरची लव झाडाची स्वतःची असते, ती खरवडू नये. बुंधा मऊ, तपकिरी पडला तर पाणी बंद करून भागत नाही. वरचा निरोगी भाग कापावा, आतला गर पूर्ण हिरवा दिसेपर्यंत चकत्या काढत जावे आणि तो शेंडा नव्या कलमाप्रमाणे सुकवून लावावा.