नळाचा व्यास किती असावा?

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. पावसाळ्यांत त्याच्या तटाला पाण्याचा वेढा पडतो. आणि त्याच तालुक्यांतील कित्येक खेड्यांत विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला हा खारपाणपट्टा. येथें विहीर अधिक खोल खणून भागत नाहीं. गोडें पाणी दुरून नळानेंच आणावें लागतें. सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या वान धरणांतून अकोट-तेल्हाऱ्याकडील ८४ खेड्यांसाठीं तें आणलेलें आहे. बाळापूरकडील ६९ खेड्यांच्या अशाच योजनेला स्थगिती मिळाली, तेव्हां एप्रिल २०२३ मध्यें खारें पाणी बरोबर घेऊन मंडळी अकोल्याहून नागपूरच्या वाटेला लागली होती. धरणाखालच्या शेतकऱ्यांना आपल्या ओलिताची काळजी, ती वेगळीच.

परंतु पाणी मंजूर झालें तरी एक प्रश्न उरतोच: नळ केवढा घालावा?

समजा, गांव दोन हजार वस्तीचें आहे. माणशीं रोज ५५ लिटर, हें सरकारी मान धरलें तर १,१०,००० लिटर पाणी हवें. पंप आठ तास चालला तर दर सेकंदास ३.८ लिटर. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारें एक मीटर ठेवावा, असा ढोबळ संकेत आहे. त्यावरून नळाचा व्यास ७० मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंच निघतो. बाजारांत जवळचे नळ मिळतात, ते ६० आणि ८० मिलिमीटरचे समजूं. साठाचा स्वस्त, आणि फरक तो काय, दोन बोटांचाहि नाहीं!

येथेंच हिशोब फसतो. नळाच्या भिंतीशीं पाण्याचें घर्षण होतें व त्यांत दाब खर्च होतो. फ्रान्समध्यें दिजाँ शहराला १८४० मध्यें पाणी आणणारा आंरी दार्सी याने पुढें नळांवर कसून प्रयोग केले व ते १८५७ मध्यें प्रसिद्ध केले. त्याच्या व जर्मन पंडित वाइसबाख याच्या नांवानें चालणारें सूत्र सांगतें कीं, तेंच पाणी न्यावयाचें असतां दाबाची हानि व्यासाच्या पांचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणांत बदलते. ८० मिलिमीटरच्या गुळगुळीत नळांत दर किलोमीटरला सुमारें साडेसात मीटर उंचीइतका दाब खर्ची पडतो. ६० च्या नळांत एकतीस मीटर. गांव पांच किलोमीटर दूर असेल तर पहिल्यांत ३७, दुसऱ्यांत १५५ मीटर! नळ घेतांना वांचविलेले पैसे मग विजेच्या बिलांत दर महिना भरावे लागतात; आणि पंप तेवढा जोरकस नसेल तर शेवटच्या गांवच्या तोटींतून नुसती हवा येते. चार इंची एका नळाचें काम दोन इंची दोन नळ करितील, हा घरोघरचा समज याच कारणानें खोटा आहे. दोन इंची साडेपांचांहून अधिक लागतील.

म्हणून वाटेल तेवढा मोठा नळ घालावा, असेंहि नाहीं. वेग फार मंदावला तर गाळ तळाशीं बसतो आणि पाणी नळांत रेंगाळून त्यांतील क्लोरीनचा अंश उडून जातो.

वायूची गोष्ट थोडी निराळी. तो पाण्याहून कितीतरी हलका, म्हणून त्याला अधिक वेग चालतो. परंतु दाब कमी होतांच तो फुगतो, आणि नळाच्या शेवटीं त्याचा वेग वाढलेला असतो. घरगुती गॅसच्या शेगडीपाशीं दाब अवघा तीस सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका. लांब आणि अरुंद नळींत त्यांतलाच बराच भाग गेला तर ज्योत मंदावते.

पाण्याचा नळ मात्र एकदां जमिनींत पुरला कीं बदलणें सोपें नसतें. यासाठीं अभियंते आजची वस्ती मोजून थांबत नाहींत. तीस वर्षांनंतरच्या वस्तीचा अंदाज घेऊन हा हिशोब मांडतात, आणि मग वरचा व्यास निवडतात.