तलावाच्या वरच्या अंगाला

३० मे २०२४ रोजी नागपुरात ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ही नोंद उत्तर अंबाझरी रस्त्यालगत, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतातल्या स्वयंचलित हवामान केंद्राची. सोनेगावच्या केंद्राने त्याच दिवशी ५४ दाखवले. वर्धा रस्त्यावरच्या कापूस संशोधन संस्थेतला आकडा मात्र ४४ च्या आसपासच होता. पहिल्या दोन ठिकाणचे संवेदक बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याने केला आणि तो योग्यच होता. तरीही शहरात कित्येकांना ५६ खरा वाटला, आणि त्यांना वेड्यात काढण्याचे कारण नाही. हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. माणसाला लागते ते ऊन, तापलेला रस्ता, भिंतींची धग आणि वारा हे सगळे मिळून. मे महिन्यात अंबाझरी तलावाच्या काठाने सायकल हाकणाऱ्याला याच बेरजेशी सामना करावा लागतो. नागपूरकर ही सफर आवडीने करतात आणि तिच्या सुखाचे श्रेय पाण्याला देतात. माझ्या मते ते श्रेय पाण्याचे नाही. पाण्यामागच्या, पाळीच्या वरच्या अंगाला असलेल्या कोरड्या रानाचे ते आहे, आणि ते रान मोकळे राहिले ते एका नळयोजनेमुळे.

आधी सायकलस्वाराच्या शरीराचे पाहू. ताशी २० किलोमीटरने चालणारा स्वार स्वतःसाठी सेकंदाला साडेपाच मीटरचा वारा तयार करतो. हवा ३५ अंशांच्या वर गेली की हा वारा त्वचेला थंड करत नाही, उलट तापवतो. पण नागपूरचा मे कोरडा. दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि घाम निघताक्षणी उडून जातो. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. म्हणून चालत्या सायकलवर ४२ अंशही सोसवतात. थांबताक्षणी कपाळावरून धार लागते, तेव्हा किती पाणी गेले ते कळते. खरा धोका नकळत उडालेल्या घामाचाच असतो. डोक्याला दुपट्टा, सोबत पन्हे, खिशात कांदा या विदर्भातल्या रिवाजांपैकी पहिल्या दोहोंचा फायदा सरळ दिसतो. कांद्याच्या बाजूने मला पुरावा दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, तलावाचे पाणीही वाफ होऊन हवा थंड करतेच की! खिडकीतली वाळ्याची ताटी तेच करते. उन्हाळ्यात इथला वारा बहुतेक पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो आणि अंबाझरी शहराच्या पश्चिमेलाच आहे, म्हणजे ताटी अगदी जागेवर बसवलेली. आक्षेप वजनदार आहे आणि दुपारपुरता खराही. भर दुपारी पाळीवर उभे राहिले की पाण्यावरून येणारी झुळूक वेगळी जाणवते. पण ताटीचा गारवा खोलीत कोंडून राहतो, तलावाचा उघड्यावर विरून जातो. काही शे मीटर पुढे गेले की त्याचा मागमूस उरत नाही. दुसरे असे की सायकलस्वार दुपारी निघतच नाही. मे महिन्यात नागपुरात सूर्य साडेपाचनंतर लगेच उगवतो आणि शहाणा माणूस आठच्या आत घरी परततो. पहाटेच्या या वेळी पाणी मदतीला येत नाही. दिवसभर पोटात साठवलेले ऊन तलाव रात्रभर हळूहळू सोडत राहतो, त्यामुळे पहाटे तो भोवतालच्या उघड्या जमिनीपेक्षा उबदारच असतो. पहाटेचा गारवा येतो तो रात्रीत भराभर निवलेल्या मोकळ्या मातीकडून. शहरातले सिमेंटचे रस्ते तसे निवत नाहीत. कोणी म्हणेल, मे महिन्यात या रानाला सावली तरी कुठे असते, साग तर बोडका! तेही खरे. २६ मे हा नागपूरचा शून्य सावलीचा दिवस, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस, नुकताच लागलेला. त्या दिवशी माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो, झाडाची सावली झाडाच्याच बुंध्याशी गोळा होते आणि रस्त्याच्या कडेचा भलामोठा कडुनिंबसुद्धा रस्त्याला काही देत नाही. रानाचा उपयोग सावलीहून अधिक त्याच्या मोकळेपणात आहे. तिथे डांबर नाही, भिंत नाही, मोटारीचा धूर नाही.

हे मोकळेपण कुठून आले, ते शोधताना अलेक्झांडर बिनी नावाचा माणूस भेटतो. लंडनमध्ये थेम्स नदीखाली ब्लॅकवॉलचा बोगदा आणि पादचाऱ्यांसाठी ग्रीनिचचा बोगदा ही त्याची नावाजलेली कामे. त्याच्या चरित्रात नागपूर थोडक्यात उरकते. १८६८ मध्ये तो सार्वजनिक बांधकाम खात्याचा अभियंता म्हणून इथे आला आणि नागपूरच्या नळयोजनेचे काम त्याच्याकडे आले. शहराला घरोघर पाणी द्यायचे तर आधी पाऊस किती पडतो आणि त्यातला किती तलावात पोचतो, हे ठाऊक हवे. त्याने हे अंदाजावर सोडले नाही, मोजायला घेतले. १८६९ आणि १८७२ या वर्षांत नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात पाऊस आणि वाहून आलेले पाणी यांच्या नोंदी ठेवून त्याने एक कोष्टक बांधले. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यातला १५ टक्केच वाहून येतो, ८०० झाला तर २९ टक्के, ११०० झाला तर ४०. पाऊस सव्वादोन पट झाला तर तलावात येणारे पाणी जवळजवळ सहापट होते! कारण आधी जमीन पिते. उन्हाळाभर भेगाळलेल्या काळ्या मातीची तहान भागली की मगच उरलेले उताराला लागते. ‘बिनीची टक्केवारी’ या नावाने हे कोष्टक जलशास्त्राच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत अजून छापले जाते. अभियांत्रिकीच्या मुलांनी ते परीक्षेपुरते पाठ करून विसरून जावे, याचे वाईट वाटते. आपल्याच गावच्या मातीची ही इतकी जुनी कुंडली आहे.

या नळयोजनेचा तलाव, अंबाझरी, नेमका कोणाचा, हा वाद इथे टाळता येत नाही. ‘१८७० साली भोसल्यांच्या राजवटीत बांधलेला तलाव’ असे वाक्य सर्रास छापले जाते. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले आणि पुढच्याच वर्षी डलहौसीने राज्य खालसा केले, तेव्हा १८७० साली भोसल्यांची राजवट असणे शक्य नाही. पण म्हणून भोसल्यांचे नाव खोडून बिनीचे लिहिणे हाही अन्यायच होईल. मूळ तलाव जुना, भोसलेकालीन. तेलंगखेडीचा, म्हणजे फुटाळ्याचाही तसाच. इंग्रजी अमलात अंबाझरीची पाळ वाढवून त्याला नळ जोडले गेले. तलावाची जागा हेरली ती आधीच्यांनी, आणि पाणलोटाचा हिशेब ठेवला तो बिनीने. सायकलस्वार पाळीवरून जातो तेव्हा त्याच्या चाकाखाली हे दोन्ही थर असतात.

आता शहरातल्या तलावांची तुलना करू. अंबाझरी आणि नंतरचा गोरेवाडा हे पिण्याच्या पाण्यासाठी वापरले गेलेले तलाव, आणि दोहोंच्या वरच्या अंगाला आज रान आहे. अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात साडेसातशे हेक्टरांच्या आसपास जागा आहे आणि तिथे सायकल चालवता येते. गांधीसागर, नाईक तलाव आणि सक्करदरा यांच्या वाट्याला पिण्याचे पाणी पुरवण्याचे काम उरले नाही, आणि त्यांच्याभोवती वस्ती दाटली. सोनेगाव तर उन्हाळ्यात कोरडा पडतो. पहिले दोन गावाबाहेर होते म्हणून वाचले, असे म्हणता येईल. पण सोनेगावही गावाबाहेरच होता, विमानतळाच्या बाजूला. ज्या पाण्यावर शहराची तहान अवलंबून असते, त्या पाण्याच्या उगमाकडे घाण जाऊ न देणे सरकारला भागच पडते, आणि नुसत्या देखाव्याच्या तलावाला असा रखवालदार मिळत नाही. फुटाळ्याला थोडाफार रखवालदार मिळाला तो आसपासच्या सरकारी जमिनींमुळे. त्याची चौपाटी बघितली की तो किती थोडा होता, हे समजते.

अडचण अशी की अंबाझरीची ती निकडच आता संपली आहे. शहराचे पाणी गोरेवाड्याकडून कन्हानकडे आणि तिथून पेंचकडे सरकले. लाव्याच्या टेकड्यांतून निघणारी नाग नदी वाडीच्या बाजूने तलावाकडे येते, तेव्हा वस्तीचे आणि हिंगणा औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी तिच्यात मिसळलेले असते. उद्यानाची जाळी पाणलोटाचा एक भाग राखते, सगळा पाणलोट नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला, खालच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि माणसे दगावली. सांडव्यासमोरच्या स्मारकावरून न्यायालयात वाद गेला, आणि तो वाद आवश्यकच होता. पण चर्चा सगळी पाळीच्या खालच्या अंगाची झाली. बिनीचे आकडे अख्ख्या वर्षाचे आहेत आणि एका रात्रीचा पूर त्यांनी मोजता येत नाही, हे मान्य. त्यांच्यामागचे कारण मात्र तेच राहते. सप्टेंबरअखेर जमीन पिऊन तृप्त झालेली असते, आणि ज्या जमिनीवर सिमेंट टाकले ती जून महिन्यापासूनच तृप्त असते.

नवतप्याच्या शेवटी या काठावर बिनीचे कोष्टक डोळ्यांनी वाचता येते. पाणी पाळीकडे सरकलेले असते, मागे गाळाच्या पट्ट्यात भेगा पडलेल्या असतात. वरच्या बाजूला भेगा बोटभर रुंद आणि पाण्याजवळ केसाएवढ्या. पहिली सर येते, मातीचा वास सुटतो, पायवाटेवर चाकाला चिखल चिकटू लागतो, आणि तलावाची पातळी तसूभरही वाढत नाही. दुसरी सरही तशीच जाते. त्या दिवसांत पाळीच्या वरच्या अंगाला सायकल उभी करून कान दिला, तर भेगांतून पाणी आत शिरतानाची बारीक सुरसुर ऐकू येते.