ओझे वाहण्याचे शास्त्र

भोपाळहून सुमारे 28 किलोमीटरांवर, बेतवा नदीच्या काठी, भोजपूर येथे अकराव्या शतकात परमार राजा भोजाने आरंभिलेले आणि कधीच पूर्णत्वास न गेलेले जे शिवमंदिर उभे आहे, त्याच्या पाठीमागे मातीचा आणि दगडांचा एक उतरता भराव आजही पाहावयास मिळतो. ज्या शिळांनी हे मंदिर उभारले त्या या भरावावरून वर ओढून नेल्या होत्या. इमारत पुरी होताच असे भराव उकरून टाकण्याची वहिवाट असे; येथे बांधकामच अर्धवट सुटल्यामुळे भराव राहून गेला, आणि हजार वर्षांपूर्वीच्या स्थपतींनी भार हलविण्याचा प्रश्न कसा सोडविला याचा पुरावा आपल्या हाती लागला. दहा हात लांबीत एक हात चढणाऱ्या उतारावर, घर्षण वगळल्यास, शिळा वर नेण्यास तिच्या वजनाच्या एक दशांश जोर पुरतो. मात्र अंतर दसपटीने तोडावे लागते. श्रमाची एकूण बेरीज तेवढीच राहते, ती अधिक माणसांवर आणि अधिक काळावर वाटली जाते, एवढेच.

भोजपुरापासून थोड्याच अंतरावर मंडीदीपची औद्योगिक वसाहत आहे, आणि तेथील प्रत्येक कारखान्यापुढे मूळ प्रश्न तोच आहे. कच्चा माल गुदामातून यंत्रापाशी, एका यंत्रापासून दुसऱ्यापाशी, तयार माल पुन्हा गुदामात, आणि तेथून मालमोटारीत जावयाचा. या साऱ्या प्रवासात वस्तूच्या गुणात यत्किंचितही भर पडत नाही, पण वेळ, पैसा आणि माणसाच्या अंगातील बळ मात्र खर्ची पडते. हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात 1913 साली मोटारीचा सांगाडा सरकत्या मार्गावरून कामगारांसमोर आणण्यास आरंभ झाला, तेव्हा साडेबारा तासांच्या आसपास लागणारी जोडणी पुढील काही महिन्यांत दीड तासावर आली. कामगार, हत्यारे आणि सुटे भाग यांच्यात असा मोठा फरक पडला नव्हता. बदलला होता तो मालाचा मार्ग.

तथापि सरकता पट्टा सर्वत्र उपयोगी पडत नाही, आणि याचे उदाहरण भोपाळातच आहे. 1955 च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीशी करार होऊन 29 ऑगस्ट 1956 रोजी हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड ही सरकारी कंपनी स्थापन झाली. 6 नोव्हेंबर 1960 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचा भोपाळचा कारखाना राष्ट्रार्पण झाला, आणि 1974 मध्ये ती भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये विलीन झाली. या कारखान्यात जलविद्युत केंद्रांची टर्बाईने आणि जनित्रे, रोहित्रे, रेल्वे इंजिनांच्या विद्युत मोटारी तयार होतात. टर्बाईनचे चक्र काही साबणाच्या वडीप्रमाणे पट्ट्यावरून सरकविता येत नाही. प्रत्येक नग वेगळा, अवजड, आणि महिनोन् महिने घडविला जाणारा. म्हणून अशा कारखान्यात छताखालच्या रुळांवर धावणाऱ्या यारीचे, म्हणजे क्रेनचे, राज्य असते.

यारीचे खरे दुखणे वजन उचलण्यात नाही, उचललेले वजन स्थिर ठेवण्यात आहे. दोराला टांगलेला भार म्हणजे एक लंबक. यारी चालू लागली की तो मागे राहतो, थांबली की पुढे झेपावतो, आणि मग कितीतरी वेळ हेलकावत राहतो. लंबकाचा आंदोलनकाल त्याच्या वजनावर अवलंबून नसतो, तो केवळ लांबीवर ठरतो. दहा मीटर दोराला रिकामी बादली टांगा किंवा शंभर टनांचा भार टांगा, एक झोका पुरा होण्यास सव्वासहा सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागणारच. निसर्गाच्या या निःपक्षपाती नियमातच हेलकावा मोडण्याची युक्ती दडलेली आहे. यारीला एकदम पूर्ण वेग न देता प्रथम अर्धा वेग द्यावा, बरोबर अर्धा आंदोलनकाल, म्हणजे या उदाहरणात तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ, थांबावे आणि मग उरलेला अर्धा वेग द्यावा. पहिल्या हिसक्याने उत्पन्न झालेले आंदोलन त्या क्षणी नेमके उलट्या दिशेने चाललेले असते. दुसरा हिसका तितकेच आंदोलन विरुद्ध बाजूने निर्माण करतो, दोन्ही परस्परांना गिळून टाकतात, आणि भार यारीखाली सरळ, जणू लोखंडी दांड्याला जखडल्यासारखा चालू लागतो. थांबतानाही हाच क्रम. मुरलेले यारीचालक हे अनुभवाने करीत आले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ओटो स्मिथ यांनी 1957 साली त्याला गणिती रूप दिले, आणि आज दोराची लांबी क्षणोक्षणी मोजून यारीला ही चाल आपोआप चालावयास लावणारी नियंत्रणे बाजारात मिळतात. इतक्या अल्प गणितातून इतकी मोठी सुरक्षितता पदरात पडल्याची उदाहरणे यंत्रशास्त्रात फार थोडी असतील, असे मला वाटते.

रोहित्रांच्या कारखान्यांतून आणखी एक उपाय योजतात. अवजड रोहित्राच्या तळाखाली लवचीक गाद्या ठेवून त्यांत दाबाची हवा सोडतात; ती कडांखालून निसटताना जमिनीवर कागदाइतका पातळ हवेचा थर तयार होतो आणि घर्षण वजनाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास उतरते. शंभर टनांचे धूड मग शे-दीडशे किलोच्या जोराने हलते. फरशी मात्र गुळगुळीत आणि भेगांवाचून असावी लागते.

हलक्या मालासाठी आता बिनचालकाच्या गाड्या आल्या आहेत. अमेरिकेतील बॅरेट यांच्या कंपनीने 1950 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तारेच्या मार्गाने आपोआप जाणारी ओढगाडी बनविली; स्वीडनमध्ये व्होल्वोच्या काल्मार येथील कारखान्यात 1974 पासून मोटारींचे सांगाडे अशा गाड्यांवरूनच फिरू लागले. आरंभी फरशीत पुरलेली तार हाच त्यांचा रस्ता असे. आजच्या गाड्या लेसर किरण फेकून भिंती, खांब आणि माणसे यांची अंतरे मोजतात आणि स्मरणातील नकाशाशी ताडून आपली जागा ठरवितात. सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याचे गणित डच शास्त्रज्ञ एडस्गर डायक्स्ट्रा यांनी 1956 साली योजिले व 1959 साली प्रसिद्ध केले; त्याचीच अपत्ये आज कामास येतात.

परंतु एक गाडी चालविणे सोपे, शंभर चालविणे कठीण. अरुंद बोळात दोन गाड्या समोरासमोर आल्या, त्यांच्या मागे आणखी दोन उभ्या राहिल्या, की सारा व्यवहार ठप्प होतो. यावर रेल्वेच्या एकेरी मार्गावरील जुन्या गोळापद्धतीसारखाच बंदोबस्त करावा लागतो: मार्गाचा प्रत्येक तुकडा एका वेळी एकाच गाडीच्या नावे राखून ठेवावयाचा, आणि तो मोकळा झाल्याची रुजुवात झाल्यावाचून दुसरीला हुकूम द्यावयाचा नाही. ॲमेझॉनने 2012 साली साडेसत्याहत्तर कोटी डॉलर मोजून अशा गाड्या बनविणारी किव्हा ही कंपनी घेतली, तेव्हा तिने खरेदी केले ते मुख्यतः हे कौशल्य. आपल्याकडेही पिलानीच्या विद्यार्थ्यांनी 2011 साली स्थापिलेल्या ग्रेऑरेंज कंपनीने गुदामांसाठी अशा गाड्या बनविल्या.

हे सर्व कौतुकास्पद आहे, आणि तरीही एक गोष्ट मनास सलते. यंत्र प्रथम पोचले ते माल मौल्यवान होता तेथे. माणूस अधिक दुखावला जात होता तेथे नव्हे. भोपाळच्या करोंद मंडीत धान्याची पोती आजही हमालाच्या पाठीवरून चढतात आणि उतरतात. प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा 55 किलो असावी अशी शिफारस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 सालीच केली. आपल्याकडे क्विंटलभराचे पोते त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिले. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा करून त्यांची मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि नोंदणी यांची व्यवस्था लावली, हा त्या राज्याचा मोठा लौकिक आहे. पण कायद्याने मजुराचा हक्क राखला, ओझे डोक्यावरच राहिले. हमालाची रोजी जाईल या भयाने यंत्र दूर ठेवणे मला मान्य नाही, आणि त्याला वाऱ्यावर सोडून यंत्र आणणे तर त्याहून नाही. पोते उचलणारा स्वस्त उचलक, धूळ आणि खड्डे सोसणारी गाडी, आणि ती चालविण्याचा पहिला हक्क त्याच मंडीतल्या हमालाचा: एवढे तीन कलमांचे काम आहे.

ते अवघड आहे, कारण मंडीतली जमीन कारखान्याच्या फरशीसारखी सपाट नाही आणि पोत्याला खोक्यासारख्या कडा नाहीत. पण 1960 मध्ये स्थापन झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था याच शहरात आहे. तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या अखेरच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय निवडण्यापूर्वी एक सकाळ करोंद मंडीत घालवावी, आणि पोते पाठीवर घेताना माणसाचा कणा किती वाकतो ते मोजून आणावे.