दोन रिषभांच्या मधलं बोट

गेले चार महिने दर शनिवारी सकाळी बेंगळुरूच्या जे. पी. नगरातल्या एका गच्चीवरच्या खोलीत मी एवढंच वाजवतो आहे : सस, रिरि, गग, मम. कन्नडमध्ये याला जंटी वरसे म्हणतात. जंटी म्हणजे जोडी. हे धडे पुरंदरदासांनी घालून दिले, अशी परंपरा आहे. ज्यांच्या पदांत ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा येते तेच हे पुरंदरदास, त्यामुळे सोलापूरहून आलेल्या मला पहिल्याच दिवशी ते परके वाटले नाहीत.

बासरी मात्र परकी वाटली. कर्नाटक वेणू आखूड, छिद्रं आठ. माझ्या हिंदुस्थानी बासरीवर तीन छिद्रं झाकली की सा, इथे दोनच. बोटं जुन्या सवयीने तिसऱ्या छिद्रावर जाऊन बसत.

पहिल्या दिवशी जोडीतला दुसरा स्वर मी जिभेने तोडून वाजवला. सरांनी बासरी खाली ठेवायला लावली. फुंक तोडायची नाही. चालू फुंकेत बोटाने खालच्या स्वराला निमिषभर शिवायचं आणि परत यायचं. त्या धक्क्यातून दुसरा स्वर उठतो. हे स्फुरित गमक.

सांगायला सोपं आहे. पण हे धडे मायामाळवगौळ रागात, म्हणजे आपल्या भैरवाच्या स्वरांत असतात. रिषभ कोमल. त्यासाठी दुसरं छिद्र अर्धंच झाकायचं. आता या रिषभाचं स्फुरित करायचं तर तेच बोट अर्ध्यावरून पूर्ण दाबून षड्जाला शिवायचं आणि नेमक्या त्याच अर्ध्यावर परत आणायचं. जरा जास्त उचललं तर रिषभ चढतो, कमी उचललं तर घुसमटतो. बोटाच्या पेराला छिद्राची कड किती टोचते, त्यावरून मी आता जागा ओळखतो.

आवाज न तोडता एकच स्वर दोनदा वाजवायची हीच अडचण आयर्लंडच्या इलियन पाइपवाल्यांची आहे, हे कळलं तेव्हा मी हरखून गेलो. त्यांच्या वाद्यात हवा कोपराखालच्या भात्यातून येते, तोंडाने फुंकायचंच नाही. म्हणून जिभेचा प्रश्नच मिटला. सलग आवाजात एकच स्वर दोनदा दाखवायचा तर वरचं एखादं बोट झटक्यात उचलून टेकवतात, तो ‘कट’. किंवा खालचं बोट आपटतात, तो ‘टॅप’. दोन्ही एका स्वराभोवती गुंफले की ‘रोल’. पण सगळी छिद्रं झाकून निघणाऱ्या सर्वांत खालच्या स्वरावर आपटायला बोटच उरत नाही. तिथे वेगवेगळ्या बोटांचे कट लागोपाठ देऊन तो स्वर फोडतात, त्याला ‘क्रॅन’ म्हणतात. २०१७ साली युनेस्कोने या पाइपवादनाची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.

अशा गोष्टींना ‘अलंकरण’ म्हणणं मला आता पटत नाही. दागिना काढून ठेवता येतो. स्फुरित काढलं तर ‘रिरि’ ही जोडीच राहत नाही, नुसता लांबलेला रिषभ उरतो. टी. आर. महालिंगम (१९२६–८६) यांनी कर्नाटक बासरीची बोटं बदलली, ती गळ्यातलं गमक बांबूत यावं म्हणूनच.

सर फार बोलत नाहीत. चुकलं की “इन्नोम्मे”, पुन्हा एकदा. सकाळभरात तो शब्द तीस-चाळीस वेळा तरी येतो. गेल्या शनिवारी ‘रिरि’ झालं, मी सवयीने थांबलो. सरांचा हात मांडीवर ताल देतच राहिला, आणि मी घाईघाईने ‘गग’ घेतला.