मूल उशिरा बोलते तेव्हा

दोन वर्षांचे मूल बोलत नाही म्हटले की घरातील वडीलधारी मंडळी हमखास सांगतात, "याचा बापही उशिराच बोलला होता, थांबा जरा." त्यात आपुलकी असते आणि पुष्कळदा ते खरेही ठरते. उशिरा बोलू लागणारी बरीच मुले पुढे आपोआप इतरांच्या बरोबरीला येतात. परंतु कोणते मूल बरोबरीला येईल आणि कोणते मागे राहील, हे त्या वयात नुसते पाहून डॉक्टरांनाही ठामपणे सांगता येत नाही. म्हणून वाट पाहण्यात गेलेले एखादे वर्ष फार महाग पडू शकते. सभासद बंधुभगिनींना, तसेच घरात लहान भावंड किंवा भाचरे असलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा, म्हणून आम्ही ही माहिती देत आहोत.

साधारणपणे मूल सहा ते नऊ महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' असे आवाज काढते. वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. दोन वर्षांपर्यंत पन्नासच्या आसपास शब्द आणि 'आई ये', 'दूध दे' अशी दोन शब्दांची जोडणी येते. शब्द मोजताना 'मम', 'भूर', 'बाऊ', 'माऊ' हेही शब्दच धरावेत. मूल ते ठरावीक अर्थाने वापरते, एवढे पुरे. उच्चार मात्र या वयात तपासू नयेत. प, ब, म हे ओठांचे आवाज आधी येतात. र, ळ, श यांना वेळ लागतो. तीन वर्षांचा मुलगा 'राजा'ला 'लाजा' म्हणतो यात काळजीचे काही नाही.

बोलण्याइतकेच समजण्याकडे लक्ष द्यावे. "बाबांची चप्पल आण" म्हटल्यावर मूल चप्पल आणते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते, दाखवताना आपल्या तोंडाकडे वळून पाहते, ही चांगली चिन्हे आहेत. याउलट वर्ष उलटून गेले तरी मूल बोटाने काही दाखवत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलणे बंद झाले असेल, तर एक दिवसही थांबू नये. ही स्वमग्नतेची लक्षणे असू शकतात, आणि त्यातही लवकर मिळालेल्या मदतीचा उपयोग अधिक होतो.

कोणत्याही उपायापूर्वी कान तपासून घ्यावेत. येथेच आपल्याकडे सर्वात जास्त हयगय होते. "टाळी वाजवली की वळतो, म्हणजे ऐकू येते," असे आईवडील सांगतात. टाळी, ढोल, दाराचा धडाका हे मोठे आवाज आहेत; ते ऐकू येऊनही 'स', 'च' यांसारखे बारीक आवाज मुलापर्यंत पोहोचत नसतील, तर त्याच्या कानावर पडणारी भाषा अर्धवटच असते. वारंवार सर्दी होऊन पडद्यामागे पाणी साठले तरी आवाज दबून येतो. असे मूल घरात 'हट्टी', 'ऐकून न ऐकल्यासारखे करणारे' ठरते आणि बोलणीही खाते. मूल लहान आहे, ते उत्तर कसे देणार, ही शंकाही निराधार आहे. ओएई आणि बेरा या दोन्ही चाचण्यांत मुलाला काहीच सांगावे लागत नाही. बेरा तर झोपेतच करतात. दोन्हीत दुखत नाही. खरे तर पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभर मान्य झालेला दंडक आहे. आपण मात्र तिसऱ्या वर्षी विचारतो.

आता घरी काय करावे ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे "म्हण, पाणी म्हण" हा तगादा बंद करावा. पाहुण्यांसमोर परीक्षा घेतली की मूल तोंड आणखी घट्ट मिटते. त्याच्यासमोर खाली बसावे, म्हणजे आपले ओठ त्याला दिसतात. ते ज्याकडे पाहत असेल त्याविषयी बोलावे. कावळ्याकडे पाहत असेल तर आपण चेंडूचे नाव शिकवू नये. वाक्ये लहान ठेवावीत आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा यावा. आंघोळ, भाजी निवडणे, कपडे वाळत घालणे या कामांत यासाठी वेगळा वेळ लागत नाही.

सर्वात अवघड जाते ते थांबणे. "केळे हवे की चिकू?" असे विचारून दोन्ही फळे दाखवावीत आणि मनात दहा आकडे मोजावेत. आपण तिसऱ्या आकड्यालाच केळे हातात देतो, मग मुलाला बोलायचे कारणच उरत नाही. आजीला हे फार कठीण जाते, असा आमचा अनुभव आहे. तिला नातवाच्या मनातले न बोलताच कळते! मुलाने 'के' एवढाच आवाज काढला किंवा बोट दाखवले तरी ते उत्तर समजून केळे द्यावे आणि "केळे, पिवळे केळे" असे म्हणावे. चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. दोन-चार दिवस ती सांगितल्यावर ठोठावण्यापाशी आपण थांबावे. मूल हात आपटेल, मग आवाज काढेल.

वेखंड उगाळून जिभेला लावणे, पोपटाने टोचलेला पेरू खाऊ घालणे याने भाषा येत नाही. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवणे तर धोक्याचे आहे. जीभ खाली चिकटलेली असली तर क्वचित काही उच्चारांना अडचण येते, पण मूल अजिबात न बोलण्याचे ते कारण नव्हे.

मोबाइलबद्दल घरोघरी वाद आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये आणि दोन वर्षांनंतरही दिवसाला तासाभराहून अधिक नको. पडदा बोलतो, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. शाळाप्रवेशाच्या धास्तीने घरातली मराठी बंद करून मोडक्या इंग्रजीत बोलणेही आम्हाला पटत नाही. दोन भाषांमुळे बोलणे लांबत नाही. आईला ज्या भाषेत रागावता येते, लाड करता येतात, त्या भाषेत तिने भरपूर बोलावे.

मदतीसाठी अंगणवाडी सेविकेकडे चौकशी करावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऐकण्याच्या व बोलण्याच्या अडचणींचा समावेश आहे, आणि पुढील तपासणीसाठी मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे श्रवण तपासणी आणि वाचा उपचार दोन्ही होतात. श्रवणयंत्रासाठी केंद्र शासनाची एडिप योजना आहे. जाताना मूल बोलते त्या शब्दांची यादी आणि जन्माच्या वेळची फाईल बरोबर न्यावी. वजन किती होते, कावीळ झाली होती का, काचेच्या पेटीत ठेवावे लागले होते का, हे तेथे विचारतात.