ग्रँटची समाधी : वर्गणीतून उभी राहिली, देखरेखीअभावी खचली

मुंबईच्या ग्रँट रोडशी या लेखातल्या ग्रँटचा संबंध नाही. तो रस्ता मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा. पण अमेरिकेचे अठरावे अध्यक्ष युलिसिस ग्रँट हेही मुंबईत येऊन गेले आहेत. अध्यक्षपद सोडल्यावर ते जगप्रवासाला निघाले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले. मलबार पॉइंटवर ते गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांचे पाहुणे होते. यादवी युद्ध जिंकून देणारा सेनापती आणि दोनदा निवडून आलेला अध्यक्ष, अशी तेव्हा त्यांची जगभर ख्याती होती.

पाचच वर्षांत चक्र फिरले. वॉल स्ट्रीटवरच्या भागीदाराने फसवल्याने १८८४ मध्ये ग्रँट कफल्लक झाले. पाठोपाठ घशाचा कर्करोग निघाला. कुटुंबामागे काही राहावे म्हणून त्यांनी मरणपंथाला असताना आत्मचरित्र पूर्ण केले आणि मार्क ट्वेनच्या प्रकाशनसंस्थेने ते छापले. २३ जुलै १८८५ रोजी ते वारले. समाधीबाबत त्यांचा एकच हट्ट होता, पत्नी ज्युलियाला शेजारी जागा हवी. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत ते जमणारे नव्हते. न्यूयॉर्कने हडसन नदीकाठच्या रिव्हरसाइड पार्कमध्ये जागा देऊ केली.

स्मारकासाठी लोकवर्गणी सुरू झाली. स्मारक समितीचे चिटणीस होते रिचर्ड ग्रीनर, हार्वर्ड कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराच्या बाजूने उभे राहून कू क्लक्स क्लॅनचा बीमोड करणाऱ्या अध्यक्षाच्या स्मारकासाठी ते झटले, याला वेगळा अर्थ होता. पहिला भर ओसरला तशी वर्गणी रेंगाळली. १८९२ मध्ये ग्रँट यांचे जुने सहकारी होरेस पोर्टर यांनी सूत्रे घेतली आणि काही महिन्यांतच साडेतीन लाख डॉलर गोळा केले. अखेरीस सुमारे ९० हजार लोकांनी मिळून सहा लाखांवर डॉलर दिले.

वास्तुविशारद जॉन डंकन यांनी १५० फूट उंचीची, आठ हजार टन ग्रॅनाइटची वास्तू उभारली. बाहेरचा फिकट ग्रॅनाइट मेन राज्यातल्या नॉर्थ जेच्या खाणींतला. आत शिरले की गोल कठड्यावरून खाली पाहायचे. तिथे विस्कॉन्सिनच्या तांबड्या ग्रॅनाइटच्या दोन घडीव पेट्या शेजारी शेजारी आहेत, प्रत्येकी साडेआठ टनांची. पॅरिसमधल्या नेपोलियनच्या समाधीचीच ही धाटणी. २७ एप्रिल १८९७ रोजी, ग्रँट यांच्या ७५ व्या जयंतीला, उद्घाटन झाले. १९०२ मध्ये ज्युलियाही तिथे विसावल्या.

समितीने स्मारक दीर्घकाळ सांभाळले. १९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतून दुरुस्ती झाली, तळघरात ग्रँटच्या पाच सेनानींचे अर्धपुतळे बसले. १९५९ मध्ये वास्तू नॅशनल पार्क सर्व्हिसकडे गेली. पुढे शहराचीच घडी विस्कटली आणि स्मारकही त्यातून सुटले नाही. भिंतींवर रंगाच्या फवाऱ्याने खरडलेली नावे, छपरातून गळती, आत ओल, आणि खांबांच्या ओवरीचा मुतारीसारखा वापर.

याला वाचा फोडली फ्रँक स्कॅटुरो या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने. तो तिथेच स्वयंसेवक म्हणून काम करत होता. वरिष्ठ दाद देईनात, तेव्हा १९९३ मध्ये त्याने ३२५ पानांचा अहवाल थेट अध्यक्षांकडे आणि काँग्रेसकडे धाडला. वर्तमानपत्रांनी विषय उचलला. ग्रँटचे वंशज कोर्टात गेले. देखभाल जमत नसेल तर अवशेष आमच्याकडे द्या, असा सूर इलिनॉयच्या विधिमंडळातून निघाला. मग मात्र यंत्रणा हलली. सुमारे १८ लाख डॉलर खर्चून दुरुस्ती झाली आणि २७ एप्रिल १९९७ रोजी, बरोबर शंभर वर्षांनी, स्मारकाचे पुन्हा लोकार्पण झाले.

ग्रॅनाइटसारखा दगड सहसा दगा देत नाही. दगा देतात ते सांधे, छप्पर आणि पन्हळी. पाणी एकदा आत शिरले की बाहेरून धडधाकट दिसणारी भिंत आतून ओलावत जाते, आणि तेव्हा बाहेरचा दगड घासून उजळवणे म्हणजे निव्वळ रंगरंगोटी.

जीर्णोद्धार करताना काय राखायचे, हाही वाद झाला. स्मारकाभोवती नागमोडी बाके आहेत. १९७२ ते ७४ दरम्यान पेद्रो सिल्वा या कलाकाराने आसपासच्या रहिवाशांना, मुलांना हाताशी धरून त्यांवर रंगीत तुकड्यांची चित्रे जडवली. भिंती खरडणाऱ्या पोरांना स्मारक आपले वाटावे, हा त्यामागचा हेतू. गंभीर वास्तूशेजारी हा भडकपणा नको, असे म्हणणाऱ्यांनी ती हटवायचा आग्रह धरला. वस्तीने विरोध केला आणि बाके राहिली. हा निर्णय योग्यच होता, कारण स्मारकाच्या पडत्या काळात त्याच्यासाठी हात राबले ते या वस्तीचेच.

एक साधी गरज मात्र लोकार्पणानंतरही बाकी होती. समाधीत स्वच्छतागृह नव्हते. समोरच १९१० मध्ये त्याच कामासाठी बांधलेला मंडप होता. तो दुरुस्त होऊन अभ्यागत केंद्र आणि स्वच्छतागृह म्हणून खुला झाला २०११ मध्ये.

आपल्याकडेही नेत्यांच्या समाध्यांच्या सुशोभीकरणाला निधी मिळतो, कोनशिला बसते, फोटो निघतात. छपराची वार्षिक डागडुजी, पहारेकऱ्याचा पगार आणि स्वच्छतागृह यांची तरतूद मात्र अंदाजपत्रकात शोधावी लागते. आपल्या गावातल्या समाधीवर पुढच्या पुण्यतिथीला हार घालायला जाल, तेव्हा या तीन गोष्टी कोणाकडे आहेत, एवढे विचारून या. उत्तर मिळाले नाही, तर लेखी विचारा.